लाट नसलेला किनारा

ऐरोलीला समुद्रकिनारा आहे असे कोणी म्हणत नाही. किनारा म्हटला की जुहू, अलिबाग, गणपतीपुळे डोळ्यांसमोर येते. ऐरोलीकडे आहे ती खाडी, आणि खाडी म्हणजे चिखल, खारफुटी, ओहोटीचा वास आणि मुलुंडकडे जाताना पुलावरून दिसणारे फ्लेमिंगोंचे गुलाबी थवे. पण गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्यांवर चढणारे पाणीच थोड्या वेळाने ऐरोलीच्या तिवरांच्या बुंध्याशी येऊन उभे राहते. ते अरबी समुद्राचे पाणी आहे, त्याची चव खारी आहे आणि चंद्राच्या तिथीप्रमाणे ते चढते-उतरते. तेव्हा हा समुद्राचाच किनारा आहे. फक्त लाट तिथवर पोचत नाही.

शाळेच्या भूगोलात किनाऱ्याचा धडा लाटेपासून सुरू होतो. लाट कड्यावर आपटते, कडा मागे हटतो, गुहा होते, कमान होते, कमान कोसळून स्तंभ उरतो. हे सगळे खरे आहे आणि कोकणात त्याचे नमुनेही आहेत. पण त्या धड्यात एक प्रश्न राहून जातो. इतका फुटलेला, झिजलेला खडक शेवटी जातो कुठे? त्याचे उत्तर ऐरोलीच्या चिखलात आहे. मला वाटते किनारा समजून घ्यायला या चिखलाइतकी चांगली जागा मुंबईच्या आसपास दुसरी नाही. खडकाचा प्रवास इथे संपतो आणि जमिनीची घडण इथे सुरू होते.

खडक कुजतो

ऐरोलीत उभे राहून पूर्वेकडे पाहिले की पारसिकची डोंगररांग दिसते. हा सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, घारापुरीची लेणी कोरलेला खडक आणि पारसिकचा डोंगर ही सगळी त्याच थरांची रूपे. पुढे भारताचा भूखंड सेशेल्सच्या भूभागापासून तुटून वेगळा झाला आणि ज्या बाजूला तुटला ती आपली पश्चिम किनारपट्टी ठरली. पठारावर जवळजवळ सपाट असलेले लाव्हाचे थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला झुकलेले आहेत. भूवैज्ञानिकांनी या बाकाला पनवेलचेच नाव दिले आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे याच पट्ट्यात येतात.

आगीतून घडलेल्या या खडकाला कोकणची हवा मानवत नाही. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते. कोकणात हे पाणी वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर कोसळते, आणि तेही उबदार हवेत. खडकातल्या खनिजांशी त्याची रासायनिक क्रिया सुरू होते. चुना, सोडियम, मॅग्नेशियम विरघळून निघून जाते. लोह गंजते. मागे राहतो तो मऊ, तपकिरी, हाताने फुटणारा मुरूम. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या उभ्या भिंतीकडे नीट बघा. मधोमध काळा घट्ट गोळा आणि त्याच्याभोवती सुटत गेलेले पापुद्रे दिसतील. बाहेरचा पापुद्रा बोटाने चुरगळतो, आतल्या गोळ्यावर हातोडी मारली तर ठणका उठतो. हे अंतर पुष्कळदा वीतभराचेच असते. एका वितीत खडकापासून मातीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या पाहायला मिळतात.

यालाच विदारण म्हणतात. यात खडक जागच्या जागी कुजतो. तो वाहून नेण्याचे काम पाणी करते, त्याला झीज म्हणायचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हीच क्रिया फार दीर्घकाळ चालली. तिथे लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला जांभा तयार झाला आणि कोकणी घरांना त्याचे लाल चिरे मिळाले. उत्तर कोकणात मात्र कुजलेल्या बेसॉल्टची मुख्यतः बारीक, काळसर, पाणी धरून फुगणारी चिकणमाती झाली. पावसाळ्यात उल्हास नदी, तिला मिळणाऱ्या नद्या आणि पारसिकवरून उतरणारे लहान-मोठे नाले ती खाली आणतात. खाडीच्या कामाचा हा कच्चा माल.

लाट काय करते आणि कुठे थांबते

आता लाटेकडे येऊ. वारा पाण्यावर घासत जातो आणि लाट उठते. वारा किती जोरात वाहतो, किती वेळ वाहतो आणि किती लांब उघड्या पाण्यावरून येतो, या तीन गोष्टींवर तिची उंची ठरते. जून ते सप्टेंबरात नैऋत्येचा वारा शेकडो किलोमीटर उघड्या अरबी समुद्रावरून येतो. कोकणच्या किनाऱ्यावर तेव्हा तीन-चार मीटरच्या लाटा येऊ शकतात. लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तीन मीटरच्या लाटेत एक मीटरच्या लाटेपेक्षा नऊपट शक्ती असते. वर्षभराची बहुतेक मोडतोड पावसाळ्याच्या चार महिन्यांत होते, ती यामुळे.

लाट किनाऱ्याजवळ येते तेव्हा तिला तळ जाणवू लागतो. आठ सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी खोल समुद्रात सुमारे शंभर मीटर असते. तिच्या निम्म्या, म्हणजे पन्नास मीटर खोलीपासून तळ तिला अडवू लागतो. उथळ भागातला तिचा वेग कमी होतो, खोल भागातला तसाच राहतो, आणि लाट वळते. ती समुद्रात घुसलेल्या भूशिरांवर तिन्ही बाजूंनी गोळा होते आणि दोन भूशिरांमधल्या आखातात पसरून सौम्य होते. कोकणचा किनारा नकाशात दातेरी दिसतो त्यामागे हे एक मोठे कारण आहे. भूशिरावर खडक उघडा पडतो आणि शेजारच्या कोपऱ्यात पुळण साचते. लाट जिथे मारते तिथून खडक निघतो, जिथे थकते तिथे वाळू उतरते.

याचे सगळ्यात चांगले दर्शन हरिहरेश्वरला घडते. सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या या डोंगराला समुद्राच्या बाजूने प्रदक्षिणा घालायची वाट आहे. ती जाते खडकाच्या सपाट ओट्यावरून. भूगोलाच्या पुस्तकात त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. लाटेने कड्याचा पाया पोखरला, वरचा कडा कोसळला, पडलेले धोंडे लाटांनी फोडून नेले, आणि हे पुनःपुन्हा होऊन कडा मागे गेला. मागे राहिला हा ओटा. वाट ओहोटीतच धरायची असते. भरतीच्या वेळी तिथे गेलेल्या माणसांचे जीव गेलेले आहेत. कड्याच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात, ती लाटेने पाडलेली नाहीत. लाटेचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण आतून ढकलून बाहेर काढतात. किनाऱ्यावर विदारण आणि झीज अशा हातात हात घालून चालतात. मीठ खडक सैल करते, लाट तो घेऊन जाते.

लाटेचा स्वतःचा मारही केवळ पाण्याचा नसतो. भेगेतली हवा लाटेबरोबर क्षणभर दाबली जाते आणि लाट ओसरताच एकदम सुटते. खडकातल्या सांध्यांना हा धक्का दिवसातून हजारो वेळा बसतो. लाव्हा थंड होताना बेसॉल्टमध्ये उभ्या-आडव्या भेगा पडलेल्या असतात आणि लाट नेमक्या त्याच वाटा धरते. टणक भाग मागे उरतो, ठिसूळ भाग जातो. किनाऱ्यापासून सुटून पाण्यात एकटे राहिलेले असे खडकाळ तुकडे कोकणात जागोजागी आहेत. आपल्या इतिहासाला ते फार उपयोगी पडले. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग, जंजिरा हेही पाण्याने वेढलेल्या खडकांवरच उभे आहेत.

वाळूची गोष्ट वेगळी आहे. ती सतत प्रवासात असते. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून पाण्याखाली नेऊन ठेवतात आणि हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या शांत लाटा ती परत आणून घालतात. लाटा किनाऱ्याला तिरक्या येत असतील तर वाळू काठाकाठाने सरकते आणि नदीच्या मुखाशी तिचा लांबट दांडा तयार होतो. मालवणजवळचे देवबाग अशाच दांड्यावर वसलेले गाव आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची आणि घरांची अरुंद पट्टी. तिथल्या लोकांनी समुद्र घराच्या दिशेने सरकताना पाहिला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रे तपासली. त्यांत भारताच्या मुख्य भूमीचा सुमारे एकतृतीयांश किनारा झिजत असल्याचे आणि सुमारे २७ टक्के किनारा वाढत असल्याचे दिसले. झिजणाऱ्या किनाऱ्याची बातमी होते, वाढणाऱ्याची होत नाही. आणि ऐरोली वाढणाऱ्यांत आहे.

एक मीटर, तीन दिवस

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या रुंद पाण्यात उघडते, उत्तरेला निमुळती होत ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने उल्हासच्या खाडीला जोडलेली आहे. पश्चिमेला साष्टी बेट आडवे आहे, पूर्वेला पारसिक. उघड्या समुद्रावरची लाट इथे येऊच शकत नाही आणि खाडीवरच्या वाऱ्याला मोठी लाट उठवण्याइतके अंतर मिळत नाही. इथे राज्य आहे ते भरती-ओहोटीचे. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाण्याच्या पातळीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो, अष्टमीच्या भांगाच्या भरतीत तो निम्म्याहून कमी राहतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला बाराच्या अलीकडे. खाडीत आत, ऐरोलीला पोचेपर्यंत पाणी त्याहून थोडे मागे पडते.

आता या पाण्यात तरंगणाऱ्या मातीचे काय होते ते पाहू, कारण ऐरोलीचा किनारा त्याच हिशेबावर उभा आहे. वाळूचा साधा कण एक मीटर पाण्यातून मिनिटाच्या आत तळाला जातो. चिकणमातीचा कण असतो मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा. त्याला तेच एक मीटर उतरायला तीन दिवस लागतात, आणि तेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. खाडीचे पाणी भरती आणि ओहोटी यांच्या मध्ये स्थिर राहते जेमतेम काही मिनिटे. या हिशेबाने एकही कण तळाला लागायला नको. सगळी माती ओहोटीबरोबर समुद्रात गेली पाहिजे.

तसे होत नाही, कारण पाणी खारे आहे. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ठेवतात. खाऱ्या पाण्यातले क्षार या भाराला झाकून टाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. आंबट पडल्यावर दूध फाटते तसा नदीचा गढूळपणा खाडीत फाटतो. पुंजका एकट्या कणाच्या शेकडो पट वेगाने खाली जातो, म्हणजे तीन दिवसांचे काम तासाभरात किंवा त्याहून लवकर उरकते. हे घरी करून पाहता येते. दोन काचेच्या ग्लासांत पाणी घ्या, दोन्हींत चिमूटभर चिकणमाती ढवळा, एकात चमचाभर मीठ टाका. मिठाच्या ग्लासातले पाणी वरून निवळत येताना दिसेल आणि दुसरे बराच वेळ चहाच्या रंगाचे राहील.

एवढ्याने गोष्ट संपत नाही. तळाशी बसलेली चिकणमाती उचलणे अवघड असते. स्वीडनचे फिलिप युल्स्ट्रोम यांनी १९३५ साली पाण्याचा वेग आणि कणाचा आकार यांचा संबंध मांडला तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. सगळ्यात सहज उचलली जाते ती मध्यम वाळू. त्याहून मोठे गोटे जड म्हणून जागचे हलत नाहीत आणि त्याहून बारीक चिकणमाती एकमेकांना घट्ट धरून राहते म्हणून हलत नाही. घट्ट बसलेली चिकणमाती उखडायला खड्यांना लागतो तेवढा वेग लागू शकतो. भरती जो चिखल घालते तो तेवढ्याच वेगाच्या ओहोटीला परत नेता येत नाही. शिवाय उघड्या चिखलावर सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत थर वाढतो, तो कणांना आणखी धरून ठेवतो. ओहोटीत फ्लेमिंगो चोच उलटी करून गाळतात ते अन्न याच शैवालातले. खाडीला बांधून ठेवणारा थर आणि पक्ष्यांचे जेवण एकच आहे, याचे मला दर वेळी नवल वाटते.

चिखल साचत साचत समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर आला की तिवर रुजते. ठाण्याच्या खाडीत सगळीकडे दिसते ती खारफुटीची हीच जात. तिवर समुद्रातून जमीन उपसून काढते अशी एक समजूत आहे, ती अर्धीच खरी. आधी चिखलाला उंची यावी लागते, मग तिवर येते आणि पुढचे काम वेगाने होते. ऐरोलीत खाडीकाठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, ते २०१७ साली सुरू झाले. तिथल्या लाकडी वाटेवरून ओहोटीत चालले की हे काम जवळून पाहता येते. झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळे शेकड्यांनी वर आलेली असतात. प्रत्येक मुळाला एका पातळीपर्यंत राखाडी चिखलाचा लेप दिसतो. ती खूण गेल्या भरतीची. लेपाच्या वर मूळ तपकिरी आणि कोरडे. भरतीचे पाणी या मुळांच्या गर्दीत शिरले की त्याचा वेग मरतो, वेग मेला की पुंजके तळाला बसतात. मधल्या मोकळ्या चिखलात चिंबोऱ्यांची बिळे असतात आणि निवट्या मुळामुळांतून उड्या मारत जातो. बिळांतून पाणी आणि हवा खोलवर जाते, त्यामुळे चिखल कुजट, काळा आणि निर्जीव राहत नाही. इथे जमीन तयार होत आहे, आणि ती तयार करणाऱ्यांत पाऊस, मीठ, चंद्र, शैवाल, झाड आणि खेकडा असे सगळे आहेत.

बुडालेली दरी

खाडी इथे मुळात आली कशी, हेही सांगायला हवे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग शिखरावर होते तेव्हा, जगाचे पुष्कळसे पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात आज 'मुंबई हाय'चे तेलफलाट उभे आहेत. तो तळ तेव्हा कोरडी जमीन होती. किनारा त्याच्याही पलीकडे होता आणि आजच्या खाडीच्या जागी दरी होती. बर्फ वितळला, पाणी चढले, दरी बुडाली. सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्या पातळीच्या आसपास येऊन थांबले. कोकणच्या खाड्या, धरमतर असो की दाभोळ, बहुतेक अशाच बुडालेल्या दऱ्या आहेत.

याचा पुरावा मुंबईत हाताला लागला आहे. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच खाली, चिखलाखाली, खैराच्या झाडांचे बुंधे सापडले. त्यांतले पुष्कळ अजून मुळांवर उभे होते. खैर हे कोरड्या माळाचे झाड, खाऱ्या चिखलात ते उगवत नाही. म्हणजे तिथे कधीकाळी रान होते, ते बुडाले आणि त्यावर खाडीने आपला गाळ घातला.

पाणी स्थिरावल्यापासून खाड्या भरत आल्या आहेत. सोपारा, कल्याण, चौल ही एके काळची मोठी बंदरे. गाळाने ती हळूहळू उथळ केली आणि व्यापार दुसरीकडे गेला. राज्ये बदलली हे कारण पुस्तकांत असतेच, पण जहाजाला पाण्याची खोली लागते, हे कारण कमी महत्त्वाचे नाही.

किनाऱ्याची लांबी मोजतानाही खाड्यांनी मोठा घोळ घातला आहे. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, हे आपण सगळ्यांनी पाठ केले. अलीकडे अधिक बारकाईच्या नकाशावर नव्याने मोजणी झाली तेव्हा तो ११,०९८ किलोमीटर भरला. देश वाढला नाही, आधी सरळ रेषेत उडी मारून ओलांडलेली वळणे आणि खाड्या या वेळी मोजल्या गेल्या.

खाडीला लागणारी जागा

आता ज्या गोष्टीसाठी मी हे प्रकरण ऐरोलीतून लिहिले तिच्याकडे येतो. कोणत्याही खाडीत भरतीला जेवढे पाणी आत येते तेवढे ओहोटीला बाहेर जाते. त्या जाण्याच्या जोरावर मधला प्रवाहमार्ग खोल राहतो. आत येणारे पाणी जितके जास्त, तितका ओहोटीचा जोर जास्त आणि खाडी तितकी मोकळी. आता काठावरच्या खाजणात भराव घातला तर काय होते? भराव घातलेल्या जागेत जे पाणी उधाणाला पसरत होते ते येत नाही. मग ओहोटीलाही तेवढे कमी पाणी बाहेर पडते. प्रवाह मंदावतो, मंद प्रवाहातून गाळ जास्त बसतो, पात्र उथळ होते आणि पुढच्या भरतीला आणखी कमी पाणी आत येते. काठावर टाकलेल्या मातीचा परिणाम काठावरच थांबत नाही, तो सगळ्या खाडीत पसरतो.

ठाण्याच्या खाडीत हे शतकानुशतके होत आले. आधी मिठागरांचे आणि खारजमिनींचे बांध आले. पण त्यांना उघाड्या होत्या, पाणी ठरावीक वेळी आत-बाहेर करत होते. नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कारखानदारी विभाग आला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या काठाने नवी मुंबई उभी राहिली. वाशीचा पहिला पूल १९७३ चा, ऐरोलीचा १९९९ चा. पुलाच्या प्रत्येक खांबामागे पाणी जरा रेंगाळते आणि तिथे थोडा गाळ बसतो. उत्तरेकडे, ठाण्याच्या टोकाला खाडी अरुंद आणि उथळ होत गेली आहे आणि पूर्वीच्या उघड्या चिखलावर तिवरांनी पाय रोवले आहेत. तिवर वाढली म्हणजे सगळे छान, असे मात्र नाही. फ्लेमिंगोंना आणि परदेशातून येणाऱ्या पाणथळ पक्ष्यांना उघडा चिखल लागतो. दिव्याच्या, ऐरोलीच्या कोळ्यांना होडी चालवायला खोल पाणी लागते. खाडीला दोन्ही हवे, तिवरही आणि मोकळे पाणीही. त्यांचे प्रमाण ओहोटीच्या जोरावर ठरते.

माणसांच्या वस्तीचाही प्रश्न इथेच अडकलेला आहे. नवी मुंबईचे अनेक भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून आखणी करताना डच पद्धतीने बांध आणि धारण तलाव ठेवले गेले. पावसाचे पाणी आधी तलावात जमते, ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत सुटते आणि भरतीला झडपा मिटतात. ही व्यवस्था हुशारीची आहे. पण खाडीचा नियम तलावालाही लागू होतो. मंद खारे पाणी जिथे येईल तिथे गाळ बसणार आणि गाळ पुरेसा उंच झाला की तिवर उगवणार. अनेक धारण तलावांत तेच झाले आहे. तिवर तोडायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीशिवाय गाळही काढता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी मोठी भरती होती. असा पाऊस आणि असे उधाण पुन्हा एकत्र आले तर पाण्याला थांबायला तलाव लागतील आणि निघून जायला खोल खाडी लागेल.

शिवाय समुद्र चढतो आहे. जगाची सरासरी पाहिली तर वर्षाला साधारण साडेतीन मिलिमीटर. चिखलाचा किनारा एवढी चढण पेलू शकतो, कारण तो दर भरतीला थोडा उंच होतो आणि गरज पडली तर जमिनीच्या दिशेने मागे सरकतो. अट एवढीच की गाळ मिळत राहिला पाहिजे आणि मागे जागा पाहिजे. बारवी, भातसासारख्या धरणांत नदीचा काही गाळ अडतो. काठाला लागून रस्ता किंवा इमारत असली की मागे सरकायची वाट बंद होते. मग तिवरांची पट्टी पुढून पाण्याने आणि मागून भिंतीने दाबली जाऊन अरुंद होत जाते, आणि शहराला उधाणापासून वाचवणारी गोष्टच नाहीशी होते. उलट काँक्रीटची भिंत स्वतःहून एक मिलिमीटरही उंच होत नाही.

कागदावर या खाडीला बरेच संरक्षण आहे. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. २०१८ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे सांगितले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ६,५२१ हेक्टरांची ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत आली. पण संरक्षण नकाशावरच्या सीमारेषेच्या आतल्या जागेला मिळते. उधाणाचे पाणी जिथे पसरते ती खाजणे, जुनी मिठागरे, पाणथळ तुकडे पुष्कळदा त्या रेषेबाहेर राहतात. फ्लेमिंगो मोठ्या भरतीला चिखल बुडाला की अशाच रेषेबाहेरच्या तळ्यांवर जाऊन बसतात. भरतीला ती रेषा ठाऊक नाही.

ऐरोलीकरांनी आणि खाडीकाठच्या सगळ्यांनी एक काम करावे. पंचांगात पौर्णिमा किंवा अमावस्या पाहून, तिच्या पुढच्या एक-दोन दिवसांत पूर्ण भरतीच्या वेळी खाडीकडे जावे आणि पाणी नेमके कुठवर येते ते पाहावे. सहा-सात तासांनी ओहोटीत पुन्हा जाऊन तीच जागा पाहावी. या दोन रेषांमधली सगळी जमीन खाडीच्या कामाची आहे. तिच्यावर भराव घालण्याचा प्रस्ताव कोणत्याही नावाने आला, उद्यानाचा, रस्त्याचा की वाहनतळाचा, तर त्याला विरोध करा.